नेटवर्क ड्रायव्हरमधल्या स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या वॉर्निंग्ज : सुरुवात कुठून करू?

परसोडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नागपूरला आयटी पार्कात एका लहान कंपनीत आहे. आमचा एक बॉक्स आहे, एआरएमवर चालतो, कॅमेऱ्यांचं चित्रण घेतो आणि वर सर्व्हरला पाठवतो. त्यातल्या इथरनेट चिपचा ड्रायव्हर चिपवाल्यांनी दिलेला, मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या अधिकृत कर्नलमध्ये) नाही. कुणीतरी कर्नल २.६ च्या काळात लिहिला आणि तेव्हापासून जो आला तो आपलं ठिगळ लावून गेला. आता आम्ही ६.६ वर नेला. बिल्ड होतो, बॉक्स चालतो, सगळे खूश.

मधेच एका ग्राहकाच्या ऑडिटवाल्यांनी 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचा रिपोर्ट जोडा' म्हणून सांगितलं, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून चुका शोधणाऱ्या टूल्सचा. मेक सी=२ केलं म्हणजे स्पार्स चाललं, मग डब्ल्यू=१ म्हणजे कंपायलरच्या जादा वॉर्निंग्ज, मग स्मॅच (स्पार्ससारखंच दुसरं टूल). टर्मिनल वाहतच राहिलं. चारशेच्या वर वॉर्निंग्ज, एकाच ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये. साहेबांचं म्हणणं, महिनाअखेर शून्य दिसलं पाहिजे.

कोणत्या आधी घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या? आणि यातलं काही मेनलाइनला पाठवण्याजोगं असतं का?

(इथे सगळं देवनागरीत लिहायचा नियम आहे, त्यामुळे फंक्शनांची नावं जशी उमटतील तशी वाचून घ्या.)

तर्रीवाला

सोपं आहे न भाऊ. जिथे 'अनइनिशियलाइज्ड' म्हणते तिथे इंट रेट = ० मार, निम्म्या तिथेच जातील. उरलेल्यांना कास्ट, म्हणजे जबरीने टाइप बदल. महिनाअखेर कशाला, शुक्रवारीच होऊन जाईल.

कॅशमिस

तर्रीवाला, 'हलके घ्या' म्हणून लिहिलं असेल तर ठीक. पण परसोडीकर खरंच करून बसतील म्हणून सांगते.

'रेट' ला शून्य दिलं की वॉर्निंग जाते, कारण आता त्यात काहीतरी किंमत आहे. पण एखाद्या वाटेवर खरी एरर भरायची राहून गेली असेल, तर तुम्ही त्या वाटेवर 'सगळं नीट झालं' अशी पाटी लावून दिली. उद्या कोणतंच टूल तिथे बोट ठेवणार नाही. कर्नलमध्ये यासाठी अनइनिशियलाइज्ड_व्हार नावाचा मॅक्रोच होता, फक्त कंपायलरचं तोंड बंद करायला. खरे बग त्याच्या आड लपतात म्हणून २०२० मध्ये ५.९ ला तो काढूनच टाकला.

परसोडीकर, क्रम विचारला म्हणून. मी सुरुवात स्मॅचपासून करते, आणि त्यातही 'मिसिंग एरर कोड' पासून. तुमच्या ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस जोडताना कर्नल बोलावतो ते) हे हमखास सापडेल. डीएमए रिंगला (चिप आणि कर्नल पॅकेट देवाणघेवाण करतात त्या मेमरीला) जागा मागितली, मिळाली नाही, 'गोटू एरर_फ्री' केलं. पण 'एरर' या व्हेरिएबलमध्ये मागच्या यशस्वी कॉलचं शून्य तसंच पडलेलं. प्रोबने सगळं आवरून सोडून दिलं आणि परत काय केलं, तर शून्य. कर्नलला वाटतं डिव्हाइस लागलं. नंतर कुणी मॉड्यूल काढलं की रिमूव्ह फंक्शन सोडून झालेल्याच गोष्टी पुन्हा सोडायला जातं आणि ऊप्स, म्हणजे कर्नल कोलमडतो. हा बग टेस्टिंगमध्ये कधीच दिसत नाही, कारण लॅबमधल्या बॉक्सवर मेमरी कधी कमी पडत नाही.

त्याच्या जोडीला 'अनसाइन्ड इज नेव्हर लेस दॅन झिरो' बघा. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू() अपयशी झालं की ऋण आकडा देतं. जुन्या ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) हा अनसाइन्ड इंट, म्हणजे ऋण न होणारा आकडा असतो. खालच्या ओळीत 'शून्यापेक्षा कमी आहे का' अशी तपासणी असते आणि ती कधीच खरी ठरत नाही. प्रोब-डेफर ('नंतर पुन्हा प्रयत्न करा' असा ऋण कोड) परत आलं तर तो भला मोठा धन आकडा होऊन रिक्वेस्ट_आयआरक्यू() कडे जातो. स्ट्रक्चरला हात न लावता स्थानिक साइन्ड व्हेरिएबलमध्ये घ्या, तपासा, मग ठेवा.

परसोडीकर

ताई, दोन्ही सापडले. मिसिंग एरर कोड प्रोबमध्येच, आणि आणखी एक ओपनमध्ये. आयआरक्यूवाला तर अगदी तुम्ही लिहिलाय तसाच.

जुना_सीवाला

मी थोडं उलटं बोलणार आहे, चालवून घ्या. या टूल्सचं फार कौतुक करू नका. ज्याला कोड समजत नाही त्याच्या हातात वॉर्निंग दिली की तो कोड मोडतो.

डेबियनचं ओपनएसएसएल आठवा. व्हॅलग्रिंड म्हणालं, न भरलेली मेमरी वापरताय. २००६ मध्ये पॅकेज सांभाळणाऱ्याने तक्रार येणाऱ्या दोन ओळी कॉमेंट करून टाकल्या. त्यातली एक ओळ रँडम आकड्यांच्या साठ्यात भर घालणारी मुख्य ओळ होती. मागे उरला फक्त प्रोसेस आयडी. म्हणजे एका आर्किटेक्चरवर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या फार तर ३२,७६८. हे उघडकीला आलं २००८ च्या मे महिन्यात. तोवर जगभर त्या किल्ल्या वापरात होत्या.

चालू असलेल्या ड्रायव्हरला महिनाअखेरच्या नावाखाली चारशे ठिकाणी हात लावणं मला पटत नाही.

कॅशमिस

काका, उदाहरण बरोबर आहे. पण तिथे टूल खोटं बोललं नव्हतं. ओळ कशासाठी आहे हे न बघता ती उडवली गेली. व्हॅलग्रिंड शिवाय चालत्या प्रोग्रामवर बघतं, ते स्टॅटिक नव्हे.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच गल्लीतलं आहे, ट्यून ड्रायव्हरचं (आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर). २००९, कर्नल २.६.३०. पोल फंक्शनमध्ये वरच्या ओळीत ट्यून->एसके वाचलं आणि त्याच्याखाली विचारलं, 'ट्यून नल आहे का?' जीसीसी कंपायलरने विचार केला : वर डीरेफरन्स केलंच आहे, म्हणजे पॉइंटरच्या पत्त्यावर जाऊन वाचलंच आहे, म्हणजे नल असूच शकत नाही, मग ही तपासणी कशाला? आणि ती काढूनच टाकली. सोर्समध्ये तपासणी दिसते, बायनरीत नाही. शून्य पत्त्यावर पान मॅप करून थेट रूटपर्यंत जाणारा एक्सप्लॉइट निघाला. त्यानंतर कर्नल '-एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स' लावून बिल्ड व्हायला लागला.

स्मॅचमध्ये याचीच वॉर्निंग आहे, 'व्हेरिएबल डीरेफरन्स्ड बिफोर चेक'. एक ओळ वाचायला काय जातं?

मात्र इथेही डोळे झाकून तपासणी वर न्यायची नसते. बहुतेक वेळा तो पॉइंटर नल असूच शकत नाही. नेटडेव्ह_प्रिव्ह() कधी नल देत नाही. अशा ठिकाणी खालची तपासणी निरर्थक असते, ती काढायची. नल खरंच येऊ शकतो का हे ठरवायला फंक्शन कोण कोण बोलावतं ते बघावं लागतं. वेळ तिथे जातो.

जुना_सीवाला

हे मान्य. माझा विरोध चारशे ते शून्य या आकड्याला आहे, वाचण्याला नाही.

सदरचा_पोरगा

+१ काकांना. आमच्याकडेही 'शून्य' म्हटलं आणि पोरांनी सगळ्या स्विचमध्ये 'फॉलथ्रू;' (ब्रेक मुद्दाम नाही, पुढच्या केसमध्ये जा) लिहून टाकलं. कर्नलने ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्रेक नसलेल्या केसची वॉर्निंग सगळीकडे चालू केली न, तेव्हाची गोष्ट. जिथे ब्रेक राहून गेला होता तिथेही फॉलथ्रू. आता वाचणाऱ्याला वाटते मुद्दाम केलं आहे. मूळ बगपेक्षा बेकार.

मोहननगर

परसोडीकर, साहेबांना समजावण्याचा मार्ग सांगतो, मी स्वतः त्या खुर्चीत बसतो.

आजच्या सगळ्या वॉर्निंग्जची यादी एका फाइलमध्ये ठेवा आणि ती रेपोमध्ये चढवा. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) नियम एवढाच की या यादीत नसलेली नवी वॉर्निंग आली तर बिल्ड लाल. यादीतली वॉर्निंग गेली तर फाइल लहान करा. ऑडिटवाल्यांना आलेख दाखवता येतो आणि कुणी घाईत काही मोडत नाही.

एक खुबी. तुलना करताना ओळ क्रमांक गाळून टाका, नाहीतर वर एक ओळ वाढली की खालच्या सगळ्या वॉर्निंग्ज नव्या दिसतात. स्मॅच फंक्शनचं नाव छापतं, त्यामुळे तिथे काम सोपं. स्पार्स फक्त फाइल, ओळ आणि कॉलम देतं, तिथे मजकूर आणि तो किती वेळा आला यावर भागवावं लागतं.

परसोडीकर

मोहननगर, हे साहेबांना लगेच आवडलं. आलेख म्हटल्यावर चेहरा खुलला.

आता स्पार्सचा ढीग. यातल्या बऱ्याच 'रिस्ट्रिक्टेड __बीई१६ डीग्रेड्स टू इंटिजर' अशा आहेत. आमचा बॉक्स लिटल एंडियनच (आकड्याचा लहान बाइट आधी) चालतो, बिग एंडियनवर (मोठा बाइट आधी) कधी जाणार नाही. मग या सरळ सोडून देऊ?

कॅशमिस

सोडू नका. लिटल एंडियन मशीनवरच या वॉर्निंग्ज कामाच्या, कारण नेटवर्कचा क्रम बिग एंडियन आणि तुमचा सीपीयू उलटा. बिग एंडियन मशीनवर चुकीचा कोडही बरोबर चालतो.

त्या ओळींतली एखादी इथे टाका.

परसोडीकर

ट्रान्समिट फंक्शनमधली आहे. (एसकेबी म्हणजे कर्नलमधलं पॅकेट, चेकसम म्हणजे ते वाटेत बिघडलं का हे तपासायचा आकडा, डिस्क्रिप्टर म्हणजे पॅकेटसोबत चिपला दिलेल्या सूचना.) थोडक्यात अशी :

एसकेबी->आयपी_सम्ड जर चेकसम_पार्शल असेल, तर बघ : एसकेबी->प्रोटोकॉल == इथ_पी_आयपी ? असेल तर डिस्क्रिप्टरमध्ये हार्डवेअर चेकसमचा बिट लाव आणि ऑफसेट भर. नसेल तर एसकेबी_चेकसम_हेल्प() ला बोलाव.

कॅशमिस

इथ_पी_आयपी म्हणजे ०एक्स०८००. एसकेबी->प्रोटोकॉल नेटवर्क क्रमात असतो, म्हणजे तुमच्या सीपीयूला तो ०एक्स०००८ दिसतो. ही तुलना तुमच्या बॉक्सवर आजवर एकदाही खरी ठरलेली नाही. एचटीओएनएस(इथ_पी_आयपी) हवं होतं, म्हणजे आकडा आधी नेटवर्क क्रमात फिरवून.

म्हणजे चिपमध्ये चेकसम काढायची सोय आहे, ड्रायव्हर कर्नलला 'मी करतो' म्हणून सांगतो, आणि प्रत्येक पॅकेट गुपचूप सॉफ्टवेअरने मोजून पाठवतो. पॅकेट बरोबर जातं, म्हणून कुणाची तक्रार नाही. सीपीयू मात्र प्रत्येक बाइट पुन्हा एकदा वाचतो.

सदरचा_पोरगा

अबे काय भारी पकडलं! परसोडीकर, तुमच्या साइटवर बॉक्स तापते म्हणून मागच्या उन्हाळ्यात तुम्हीच लिहिलं होतं न? चंद्रपूरकडे, पत्र्याच्या कपाटात?

परसोडीकर

हो, तोच बॉक्स. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, त्यात बंद कपाट. आम्ही पंखा वाढवला होता.

जुना_सीवाला

घाईने नातं जोडू नका. चेकसमचा खर्च बॉक्सवर तयार होऊन बाहेर जाणाऱ्या डेटाला लागतो. नुसतं इकडचं पॅकेट तिकडे ढकलायचं असतं तर या फांदीचा संबंध जवळपास आलाच नसता. तुमचा बॉक्स स्वतः चित्रण पाठवतो, म्हणून फरक पडेल, पण तापण्याचं सगळं खापर याच्यावर फोडू नका. मोजा.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. ही दुरुस्ती केली की आजवर कधीच न चाललेला कोड पहिल्यांदा चालू होणार. त्या फांदीत पुढे काय भरून ठेवलंय ते देव जाणे. सिरीयल कन्सोल (नेटवर्कशिवाय बॉक्सशी बोलायची वेगळी तार) लावल्याशिवाय हा बदल चढवू नका.

परसोडीकर

काका, तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू कळत नाही.

एचटीओएनएस घातलं, स्पार्स गप्प, बॉक्स बूट. डीएचसीपीने आयपी आला. पिंग झकास. एसएसएच केलं तर लटकलं. एरर नाही, काही नाही, नुसता कर्सर. बॉक्सवर टीसीपीडम्प (पॅकेट दाखवणारं टूल) लावला तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर 'चेकसम इनकरेक्ट'.

कॅशमिस

पाठवणाऱ्या मशीनवरचा तो 'इनकरेक्ट' सोडून द्या. ऑफलोड (चेकसमचं काम चिपवर सोपवणं) चालू असलं की टीसीपीडम्पला पॅकेट चिपकडे जाण्याआधीचं दिसतं, तेव्हा चेकसम पूर्ण झालेलाच नसतो. चांगल्या कार्डावरही तेच दिसेल. बघायचं ते समोरच्या लॅपटॉपवर. तिथे एनस्टॅट मारा आणि टीसीपीइनसीसमएरर्स (चुकीच्या चेकसमची आलेली पॅकेट) वाढतोय का बघा.

पिंग चालण्याचं कारण : आयसीएमपीचा (पिंगच्या पॅकेटचा) चेकसम कर्नल स्वतःच काढतो, चिपवर सोडत नाही. त्यामुळे 'पिंग चालतो म्हणजे नेटवर्क ठीक' हे या बाबतीत कामाचं नाही.

तोवर सिरीयलवरून इथटूल -के, इंटरफेसचं नाव, टीएक्स ऑफ करा. एसएसएच सुरू झालं तर दोष त्याच फांदीत.

परसोडीकर

टीएक्स ऑफ केल्यावर लगेच सुरू. लॅपटॉपवरचा आकडाही वाढत होता. म्हणजे चिप चेकसम काढते, पण चुकीच्या जागी.

मॅन्युअल घेऊन बसलो. डिस्क्रिप्टरचं वर्णन ज्या पानावर आहे तिथे तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय की चेकसम सुरू होण्याची जागा बाइटमध्ये नाही, दोन-दोन बाइटच्या शब्दांत द्यायची. ड्रायव्हर एसकेबी_चेकसम_स्टार्ट_ऑफसेट() चा आकडा जसाच्या तसा भरतो. साधं आयपीव्ही४ चं टीसीपी पॅकेट म्हणजे १४ अधिक २०, चौतीस बाइट. भरायचे होते १७, भरले ३४. चिपने दुप्पट पुढे जाऊन, टीसीपी हेडर मागे टाकून मोजायला सुरुवात केली.

एका बगने दुसरा इतकी वर्षं झाकून ठेवला होता. दोनाने भागलं, एसएसएच चालू, चित्रण वर जातंय, टॉपमधला 'एसआय' (सॉफ्टवेअर इंटरप्टवर जाणारा सीपीयूचा वेळ) आकडा डोळ्याला दिसेल इतका खाली आला. तापमान मोजायला बॉक्स कपाटात बंद करून ठेवलाय.

तर्रीवाला

माझा शुक्रवारचा प्लॅन मागे घेतो. 😀

सदरचा_पोरगा

व्हीएलएएन टॅग (एकाच केबलवर वेगळी नेटवर्क ओळखायची खूण) लावून पण पाहा न भाऊ. टॅग पॅकेटमध्येच असला तर हेडर चार बाइटनी सरकते.

परसोडीकर

पाहिलं. ऑफसेट फंक्शनकडूनच येतो, त्यामुळे तो बरोबर सरकतो. पण टॅग पॅकेटच्या आत असला की एसकेबी->प्रोटोकॉल ०एक्स८१०० होतो, मग तुलना पुन्हा खोटी आणि गाडी सॉफ्टवेअरच्या वाटेने. चुकत नाही, फक्त हळू. सध्या तसंच ठेवलंय.

अंबाझरी_०७

नमस्कार, मी व्हीएनआयटीला थर्ड इयरला आहे. धागा वाचनखूण करून ठेवला. मला पण अशा वॉर्निंग्ज काढून कर्नलमध्ये पॅच पाठवायचा आहे. ड्रायव्हर्स/नेट मध्ये चेकपॅच (कोडची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) चालवलं तर बम वॉर्निंग्ज आल्या. पाठवू का?

कॅशमिस

नेटडेव्हला (कर्नलच्या नेटवर्क भागाच्या मेलिंग लिस्टला) नको. त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलंय की दुसऱ्या कामाच्या संदर्भाशिवाय केलेली नुसती साफसफाई त्यांना नको : चेकपॅचच्या किरकोळ तक्रारी, व्हेरिएबलचा क्रम, डेव्हएमवर (मागितलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या फंक्शनांवर) नेणं. कारण काकांनी वर सांगितलंच. हार्डवेअर हातात नाही, बदल तपासलेला नाही, वाचणाऱ्याचा वेळ जातो आणि पुढे जुन्या कर्नलवर दुरुस्त्या नेताना अडचण होते.

नवशिक्यांसाठी ड्रायव्हर्स/स्टेजिंग, म्हणजे अजून कच्च्या ड्रायव्हरांचा फोल्डर आहे. तिथे साफसफाई हेच काम आहे, आणि आरटीएल८७२३बीएस हा वायफाय ड्रायव्हर तिथेच आहे, म्हणजे नेटवर्कही मिळेल. लहान एक पॅच, एका प्रकारचा बदल. गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल त्यांना गिट सेंड-ईमेलने. कोणत्या टूलने सापडलं आणि कशावर तपासलं (किंवा फक्त कंपाइल केलं) हे कमिट मेसेजमध्ये सरळ लिहायचं.

पण खरा बग सापडला, वर आला तसा मिसिंग एरर कोड वगैरे, तर मात्र नेटडेव्हला जरूर पाठव. विषयात कंसात 'पॅच नेट', खाली फिक्सेस टॅग, ज्या कमिटने बग आणला त्याच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली बारा अक्षरं. ते शोधायला गिट ब्लेमवर एक संध्याकाळ जाईल, जाऊ दे. तेवढ्यात ड्रायव्हर समजतो.

अंबाझरी_०७

आणि रिव्ह्यूमध्ये काही सांगितलं तर लगेच नवीन पाठवायचं?

कॅशमिस

लगेच नाही. किमान २४ तास थांबायचं, असा त्यांचा नियम आहे. बाकीच्यांना वाचू दे. आणि मर्ज विंडो (पुढच्या कर्नलसाठी बदल एकत्र करायचा काळ) चालू असेल तेव्हा नेट-नेक्स्ट (नव्या गोष्टींची शाखा) बंद असतं, त्या सुमारे दोन आठवड्यांत फक्त दुरुस्त्या घेतात.

मोहननगर

अवांतर : अंबाझरी, परीक्षा झाली की आयटी पार्कात चक्कर मार. इंटर्नशिप बघू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

जुना_सीवाला

परसोडीकर, आता यादीत काय उरलं?

परसोडीकर

स्मॅचच्या गंभीर सगळ्या संपल्या. एंडियनच्या एकेक करून बघितल्या. डिस्क्रिप्टरचे फील्ड __एलई३२ म्हणून घोषित केले तेव्हा बऱ्याच आपोआप गेल्या, आणि एका ठिकाणी सीपीयू_टू_एलई३२() दोनदा लागलेलं सापडलं, जे आमच्या मशीनवर निरुपद्रवी आहे. ट्रान्समिट फंक्शन इंट परत देत होतं ते नेटडेव्ह_टीएक्स_टी केलं. त्या निमित्ताने एक फांदी दिसली जिथे एसकेबी सोडून देऊन वर 'बिझी' परत देत होते. बिझी दिलं की कर्नल तोच एसकेबी पुन्हा पाठवणार, म्हणजे सोडलेली मेमरी. तिथे 'ओके' केलं.

'कॉन्टेक्स्ट इम्बॅलन्स' च्या दोन तशाच ठेवल्या आहेत. लॉक एका फंक्शनमध्ये घेतात आणि दुसऱ्यात सोडतात, __अक्वायर्स आणि __रिलीजेस लिहून गप्प करता येईल, पण मधल्या एका वाटेवर लॉक सुटतो का याची मला अजून खात्री नाही. कर्नल-डॉकच्या (कॉमेंटमधल्या माहितीच्या) शंभरेक आहेत, त्यांना हात लावलेला नाही. साहेबांच्या आलेखात ती रेघ सपाट दिसते, दिसू दे.

जुना_सीवाला

त्या दोन ठेवल्यात ते बरं केलं. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून एक रात्र ट्रॅफिक सोडा, केबल काढा-घाला करत. आणि ती दोन फंक्शनं इथे टाका, बघतो.

परसोडीकर

टाकतो संध्याकाळी. बॉक्स अजून कपाटात आहे, आधी ते आकडे उतरवून घेतो.